उरलेल्या केवड्याला हात लावू नका : ग्रामपंचायत आणि सुशोभीकरणाच्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

माननीय सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, तसेच किनारा सुशोभीकरणाचं अंदाजपत्रक करणारे, मंजूर करणारे आणि बिलं काढणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की पुळणीवरच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरच्या, सुशोभीकरणाचा दुसरा टप्पा सुरू होणार, असं गेल्या ग्रामसभेत सांगण्यात आलं. पाखाडी, म्हणजे गावातली दगडी पायवाट, जिथे वाळूत उतरते तिथपासून खाडीच्या तोंडापर्यंत केवड्याचं जे बन उरलं आहे ते साफ होणार, आणि त्या जागी पेव्हर ब्लॉकची वाट, सिमेंटची बाकडी, उंच खांबांवरचे दिवे आणि एक सेल्फी पॉइंट येणार. पहिल्या टप्प्यात निम्मं बन असंच गेलं. तेव्हा मी तोंडी बोलले, मग लेखी अर्ज दिला. अर्जाची पोच आहे, उत्तर नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाव आलं की मुद्दा बाजूला राहतो आणि कोण कोणाच्या पार्टीचा याचीच चर्चा होते. शिवाय असं अंदाजपत्रक फक्त आपल्याच पंचायतीच्या टेबलावर असेल, असं मला वाटत नाही.

माझा यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगते. पुळणीला लागून आमची माडा-पोफळींची बाग आहे, बागेत विहीर आहे, आणि घराच्या दोन खोल्यांत आम्ही निवास-न्याहारी चालवतो. पर्यटक नकोत म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्यांच्या घावन-चटणीच्या पैशांतून आमची पोरं शिकली. लग्नाआधी मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. त्या पदवीचा संसारात उपयोग काय, असं सासरी बरेचदा विचारून झालं आहे. या पत्रापुरता तरी आहे.

अंदाजपत्रकात या बनाची नोंद झाडंझुडपं साफ करणे अशी एका ओळीत आहे, दर चौरस मीटरवर. तेव्हा त्या ओळीत नक्की काय काय बसवलंय ते आधी बघू.

केवडा हा माडा-पोफळीसारखाच एकदल. आंब्या-फणसाचं खोड वर्षागणिक जाड होत जातं, तसं याचं होत नाही. डोक्यावर पानांचा भार वाढत जातो आणि खोड मात्र तेवढंच राहतं. ही अडचण केवड्याने मुळांनी सोडवली आहे. खोडाच्या अंगातून, जमिनीपासून हात-दोन हात उंचावरूनसुद्धा, जाडजूड मुळं फुटतात आणि तिरकी खाली येऊन वाळूत शिरतात. वाळूपर्यंत अजून न पोचलेलं, हवेत लोंबणारं एखादं मूळ जवळून बघा. त्याच्या टोकावर एकावर एक चढलेल्या पापुद्र्यांची टोपी असते. बाकीच्या झाडांची मूलटोपी बघायला आम्हाला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशी बसावं लागायचं. केवड्याची बोटांनी चाचपता येते. मुळं टेकली तिथे पसरतात, आडवी पडलेली फांदी पुन्हा रुजते, आणि एका झाडाचं बघता बघता बन होतं. उंची दहा-पंधरा फूट, रुंदीला सुमार नाही.

पानं तीन ते पाच फूट लांब, शेंड्याला तीन पिळदार रांगांत चढलेली. दोन्ही कडांना काटे, आणि मागच्या बाजूला मधल्या शिरेवरही काटे. पान मधोमध पन्हळीसारखं दुमडलेलं असतं, त्यामुळे त्यावर पडलेलं पाणी खोडाकडे उतरतं. वरून मेणचट थर असल्याने खारं तुषार पानाला लागूनही बाधत नाही. पानझड अशी नाहीच. मे महिन्यात पाय भाजतो त्या वाळूतही हे बन हिरवंगार असतं. आंब्याचं किंवा सागाचं रोप त्याच जागी लावून बघा, एक उन्हाळा काढणार नाही.

आणि आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या टप्प्यात तिथेच मोठा घोटाळा झाला. केवड्याची नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. श्रावण-भाद्रपदात ज्याचा वास घरभर घुमतो, ज्याचं पान वेणीत माळतो, साड्यांच्या ट्रंकेत ठेवतो, ते सगळं नर झाडाचं कणीस. पिवळट पांढऱ्या पातींच्या आत परागांनी गच्च भरलेले तुरे असतात. मादीला तो वास नाही. तिला अननसाच्या वळणाचं फळ येतं, हिरवं, पिकलं की केशरी. पुढे त्या फळाचे गाठीगाठींनी तुकडे सुटतात. ते आतून तंतुमय आणि हलके, त्यामुळे पाण्यावर तरंगतात आणि समुद्र त्यांना कुठल्या कुठल्या पुळणीवर नेऊन टाकतो. केवड्याची नवी वस्ती अशी होते. पहिल्या टप्प्यात गावातल्या बायकांनी आरडाओरडा केला तेव्हा, ज्याला कणीस येतं तेवढी झाडं ठेवा, असा तोडगा निघाला. तोडगा काढणाऱ्यांना वाटलं, दोन्ही बाजू सांभाळल्या. पाच-सहा नर झाडं राहिली आणि बिनकामाच्या म्हणून झाडून सगळ्या माद्या जेसीबीखाली गेल्या. फळ धरणारी झाडं त्या पट्ट्यात आता एकही नाही. ती शिल्लक आहेत ती दुसऱ्या टप्प्यात तुम्ही आखलेल्या जागेत.

ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली म्हणून शंकराने केतकीला आपल्या पूजेतून बाद केलं, अशी कथा आपण ऐकत आलो. हरताळकेपुरती तिला सूट मिळते. अंदाजपत्रकात तेवढीही नाही.

केवडा एकटा उभा नसतो. भरतीच्या रेषेपासून आत चालत या. सगळ्यात पुढे वाळूवर सरपटणारी मर्यादवेल, जांभळ्या फुलांची. तिच्यात मिसळलेल्या रावणाच्या मिशा, ज्यांचे काटेरी गोळे वाऱ्यावर पुळणभर गडगडत जातात आणि ज्यांच्यामागे गावातलं प्रत्येक पोर कधी ना कधी धावलेलं असतं. मग निर्गुंडी, वनजाई आणि केवडा. त्यांच्या आडोशाला उंडी, करंज, भेंड. आणि मग आमचे माड. यातलं कोणीही कुठेही उगवत नाही. पुढच्याने वारा आणि वाळू थोपवली की मागच्याला जागा होते.

यातली वनजाई तुम्ही सगळे ओळखता, फक्त दुसऱ्या नावाने. पुण्या-मुंबईच्या बागांत आणि बंगल्यांच्या कडेला कात्रीने चौकोनी कापलेलं जे कोयनेल असतं, ते हेच. मूळचं खाडी-किनाऱ्याचं सदाहरित झुडूप. समोरासमोर गुळगुळीत पानं, लांब नळीची पांढरी फुलं, त्यांतून बाहेर आलेले जांभळट केसर, आणि चार भागांत फुटणारं फळ, ज्याचे भाग पाण्यावर तरंगतात. सुशोभीकरणाच्या यादीत नर्सरीतून शोभेचं कुंपण आणायची तरतूद आहे आणि त्यात कोयनेलचं नाव आहे. पुळणीवरची वनजाई भाड्याच्या जेसीबीने उपटायची आणि पिशवीतली तीच वनजाई विकत आणून लावायची, याचा हिशेब लेखापरीक्षणात कसा बसवणार ते मला खरंच समजून घ्यायचं आहे.

आता वाळूकडे येते.

पुळण ही कायम एका जागी पडलेली वाळू नव्हे, हे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढणाऱ्या कोणालाही विचारा. पावसाळ्यातल्या उंच, एकामागोमाग येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तिचा पाण्याखाली बांध तयार होतो आणि पुढच्या लाटा त्याच्यावर फुटून त्यांचा जोर तिथेच कमी होतो. पाऊस सरला, समुद्र निवळला की संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. सुकलेली वाळू वाऱ्याबरोबर आत उडते. मर्यादवेल ती अडवते, केवडा अडवतो, आणि टेकाड चढत जातं. पुढच्या आषाढात समुद्राने मागितली की द्यायला शिल्लक असते ती ही टेकाडातली. टेकाड सपाट केलं की शिल्लक संपली. मग समुद्र वाळूमागची माती घेतो, माती संपली की माड.

पहिल्या टप्प्यात नेमकं हेच झालं. टेकाड सपाट केलं आणि त्याचीच वाळू पेव्हर ब्लॉकच्या खाली भरावाला वापरली. यंदा आषाढातल्या उधाणाने त्या पट्ट्यात उभा कडा पाडला, माणसाच्या कमरेएवढा. वाटेची कड अधांतरी लोंबते आहे, बाकडी खाली गेली, एक दिव्याचा खांब वाकला. बन होतं तिथेही समुद्राने पुढची वाळू नेली, ते नाकारत नाही. पण तिथे उतार राहिला, कडा पडला नाही. केवड्याची मुळं हातभर उघडी पडली होती आणि तरी जागेवर होती. भाद्रपदात त्यांच्याच बुडख्यांशी पुन्हा वाळू साठायला लागली. एका पावसाळ्यावरून सिद्धांत होत नाही, हे मला कळतं. पण ज्यांनी बन काढायचा निर्णय घेतला त्यांच्याकडे निदान एवढं तरी निरीक्षण होतं का? नारळी पौर्णिमेनंतर रापणीवाले होड्या काढायला आले तेव्हा त्यांच्यातला एक जण त्या कड्यावर उभा राहून म्हणाला, “हयसर आता होडी खंय ओढूची?” त्याला उत्तर द्यायला पंचायतीतलं कोणी नव्हतं.

आता त्या कड्यावर उपाय म्हणून दगडी धूपप्रतिबंधक बंधारा मागायचा ठराव येऊ घातला आहे. जिथे घरंच पाण्याच्या तोंडाशी आली आहेत तिथे बंधाऱ्याला दुसरा इलाज राहत नाही, त्या गावांबद्दल मी बोलत नाही. पण मऊ पुळणीवर उभी दगडी भिंत घातली की लाट तिच्यावर आपटून परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याची जमीन जास्त जोराने धुपते. म्हणजे मग शेजारची वाडी बंधारा मागणार. आधी बन काढायला निधी, नंतर बनाचं काम दगडांकडून करून घ्यायला निधी. एवढा खर्च करून मिळणार काय, तर होडी ओढायला पुळण नाही आणि पर्यटकाला पाय ठेवायला वाळू नाही.

समुद्र नीट दिसावा म्हणून टेकाड काढणं ही कल्पना जगात पहिल्यांदा आपल्याकडेच निघाली असंही नाही. श्रीलंकेत ‘याला’ नावाच्या ठिकाणी एका हॉटेलने समुद्राचं दृश्य मोकळं व्हावं म्हणून पुढचं वाळूचं टेकाड काढलं होतं. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी नेमकी त्या मोकळ्या जागेतून आत शिरली आणि ते हॉटेल राहिलं नाही. आपल्याकडे त्सुनामी क्वचितच येईल. चक्रीवादळं मात्र येऊ लागली आहेत. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ आपल्या समोरून वर गेलं. तेव्हा बागेत आडवे पडलेले माड उचलायला तुम्हीच आला होतात, त्याबद्दल आजही आभार.

विहिरीचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. पुळणीतल्या विहिरींना गोडं पाणी असतं, समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही. पावसाचं पाणी टेकाडाच्या वाळूत मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. त्याचा ठोकताळा पाठ्यपुस्तकातला आहे: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी उभं असतं. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या. वरची पातळी एका फुटाने उतरली, तर खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. टेकाड कापलं, त्यावर सिमेंटचे ठोकळे बसवून मुरणारं पाणी गटाराकडे वळवलं, तर आमच्याच काय, शाळेच्या विहिरीचंही पाणी मचूळ व्हायला फार वर्षं लागणार नाहीत. नळपाणी योजना मे महिन्यात किती दिवस चालते, हे तुम्हाला सांगायला नको.

खाऱ्या वाऱ्याचंही तसंच. बन गेलं त्या बाजूच्या बागेत पहिल्या रांगेतल्या पोफळींची पानं पश्चिमेकडून करपली आहेत. कृषी सहायकांना दाखवून झालं. त्यांनी रोग नाही म्हणून सांगितलं, लिहून मात्र दिलं नाही.

कासवांचा मुद्दा काढला की काही जण हसतात, त्यांना वेळासला पाठवायला हवं. एका छोट्या गावाने २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेबरोबर अंडी राखली, आणि आज तिथे पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक खोल्या आधी ठरवून येतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीतही कासवं राखली जातात. आपल्या पुळणीवरही थंडीत कासविणी येतात, हे तुम्हाला माहीत आहे. रात्री बाहेर पडलेलं पिल्लू समुद्र कसा ओळखतं? मागे बनाची काळोखी, उंच कड असते आणि पुढे पाण्यावरचं उजळ आभाळ. ते काळोखाकडे पाठ करून उजेडाकडे जातं. बन तोडून त्याच जागी उंच खांबांवर पांढरे दिवे लावलेत, तर ती पिल्लं पाणी सोडून पेव्हर ब्लॉककडे चालत येतील. सेल्फी पॉइंटजवळ कासवाचा सिमेंटचा पुतळा बसवायचंही ठरलं आहे म्हणे. बसवा. पण जिवंत कासव यायची जागा तेवढी सोडा.

बन काढायला सभेत दोन कारणं दिली गेली. एक, तिथे साप असतात. असतात. दाट जाळीत उंदीर, बेडूक मिळतात, आडोसा मिळतो, म्हणून साप येतात. केवड्याच्या वासाला भुलून नव्हे. बन काढलं म्हणून उंदीर गावाबाहेर जाणार नाहीत, ते आपल्या पडवीत येतील आणि साप त्यांच्यामागून येतील. दुसरं कारण कचऱ्याचं. बनात प्लास्टिक अडकतं हे शंभर टक्के खरं, दारूच्या बाटल्याही सापडतात. पण त्याला झाडं जबाबदार कशी? कचरा उचलायचा असतो.

काढलेल्या जागी पुढेमागे सुरू लावू, असंही आश्वासन मिळालं आहे. सुरूची सावली छान असते, समुद्री गरुडाला घरट्यासाठी त्याचा उंच शेंडा सोयीचा पडतो, तेवढं श्रेय त्याला देते. पण कोकणच्या किनाऱ्यावर तो माणसाने आणून लावलेला आहे. त्याच्या काड्यांचा जाड थर खाली साचतो आणि त्यातून मर्यादवेल, केवड्याची रोपं वर येत नाहीत. किनारा धुपायला लागला की मुळं उघडी पडून सुरू मुळासकट आडवा होतो. ‘निसर्ग’मध्ये माडा-पोफळींबरोबर सुरूची बनंही भुईसपाट झाली. आधीच बांधून झालेल्या टेकाडामागे चार सुरू असायला माझी हरकत नाही. टेकाडाच्या बदल्यात सुरू, हा व्यवहार तोट्याचा आहे.

आणि कायदा. कांदळवनाला २००५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने संरक्षण मिळालं, २०१२ मध्ये राज्यात त्यासाठी वेगळा कक्ष झाला, २०२० मध्ये पांढरी चिपी राज्याचा कांदळवन वृक्ष ठरली. आज तिवराची फांदी तोडायची तरी माणूस चार वेळा विचार करतो. खाडीतल्या झाडांचं हे झालं. खाडीच्या तोंडाशी वाळूवर उभ्या असलेल्या केवड्याला, वनजाईला, मर्यादवेलीला मात्र वाली नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत वाळूची टेकाडं आणि कासवांच्या विणीच्या जागा या सर्वांत संवेदनशील वर्गात धरल्या आहेत, आणि सक्रिय टेकाडांत फेरफार करायला मनाई आहे. त्याआधीच्या २०११ च्या अधिसूचनेत तर सुशोभीकरणासाठी असे फेरफार करू नयेत, असं मनाईच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं होतं. पहिल्या टप्प्याला किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी घेतली होती का, हे मी अर्जात विचारलं होतं. घेतली असेल तर तिची प्रत फलकावर लावायला अडचण काय? जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या समितीची बैठक या कामावर झाली का, आणि नोंदवहीत केवड्याचं पान आहे का, तेही कळू दे.

शेवटचं गाऱ्हाणं पैशाचं, कारण सगळे तेच विचारतात: बन ठेवून गावाला मिळणार काय? ओडिशात गंजाम जिल्ह्यात किनाऱ्याजवळच्या गावांत केवड्याची कणसं पावसाळ्यात पहाटे तोडतात आणि तांब्याच्या भट्ट्यांवर चढवून त्याचं अत्तर आणि केवडाजल काढतात. आपल्या मिठाईत आणि बिर्याणीत जो केवडा पडतो त्याचा मोठा उगम तिथे आहे, आणि गंजामच्या केवड्याला भौगोलिक मानांकनही आहे. आपण उद्यापासून भट्टी लावावी, असं मी म्हणत नाही. तेवढं बन आपल्याकडे नाही, आणि होतं त्यातलं निम्मं तुम्ही काढलंत. पण गौरी-गणपतीत एक कणीस बाजारात काय भावाने जातं, ते वाडीतल्या बायकांना विचारा. पहिल्या टप्प्यात ज्यांची हक्काची चार कणसं गेली त्यांची नावं कुठल्याच नुकसानभरपाईच्या यादीत नाहीत. आमच्याकडे येणारे पाहुणेही सकाळी बनाच्या कडेने चालायला जातात, तिथले फोटो काढतात. पेव्हर ब्लॉक त्यांच्या शहरात घरासमोरच आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

दुसऱ्या टप्प्यात बन साफ करण्याची बाब अंदाजपत्रकातून रद्द करावी आणि तसं लेखी द्यावं. नुसती तहकुबी नको. तहकूब केलेली कामं मार्चअखेरीला कशी उरकतात, हे आपण सगळे बघत आलो आहोत.

बसायला, चालायला जागा करायची असेल तर ती टेकाडाच्या मागे, गावाच्या बाजूने करावी. पुळणीवर उतरायला एक-दोन ठिकाणी लाकडी फळ्यांची, थोडी उचललेली वाट करावी. वाळू तिच्याखालून सरकत राहील. सध्या लोक जिथे मिळेल तिथून उतरतात आणि मर्यादवेल तुडवतात, त्यालाही आळा बसेल.

दिवे लावायचेच असतील तर बुटके, झाकलेले, खाली तोंड केलेले लावावेत, आणि नोव्हेंबर ते मे रात्री बंद ठेवावेत.

कडा पडलेल्या पट्ट्यात बंधाऱ्याचा ठराव करण्याआधी पुन्हा बन लावून बघावं. याला फार खर्च नाही. जून उजाडला की उरलेल्या झाडांच्या मुळं फुटलेल्या फांद्या लावायच्या, नर-मादी दोन्हीच्या. पुढच्या बाजूला मर्यादवेलीचे वेल दाबायचे, मागे वनजाई आणि निर्गुंडीच्या फांद्या. पहिली दोन वर्षं गुरं आणि गाड्या आत येऊ नयेत म्हणून साधं कुडाचं कुंपण. केवडा तीन-चार वर्षांत कणीस धरतो. रोजगार हमीतून हे काम बसत असेल तर बघा. नसेल तर आमच्या बचत गटाची तयारी आहे, फांद्या तोडण्यापासून लावण्यापर्यंत. पुळणीवर गाड्या नेण्याला बंदी घालून तिची अंमलबजावणी करणं मात्र तुमच्याच हातात आहे.

पहिल्या टप्प्याच्या परवानग्या, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत पंचायतीच्या फलकावर लावावी. न लावल्यास माहिती अधिकारात मागेन, पण तेवढी वेळ येऊ नये.

आणि लोकजैवविविधता नोंदवहीत या पुळणीची नोंद व्हावी, झाडांच्या नावांसह. नावं सांगायला वाडीतल्या म्हाताऱ्या बायका पुरेशा आहेत, शास्त्रीय नावं मी घालून देते.

हा विषय येत्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. आषाढापासून दर पौर्णिमा-अमावास्येला काढलेले दोन्ही पट्ट्यांचे फोटो माझ्याकडे तारखांसह आहेत, ते घेऊन मी येईन. काम मंजूर करणाऱ्या साहेबांनाही निमंत्रण द्यावं. सभेआधी त्यांना पुळण बघायची असेल तर ओहोटीच्या वेळी यावं, कडा तेव्हाच पूर्ण दिसतो. जेवणाची सोय आमच्याकडे होईल.

कळावे.

आपली,
पुळणीलगतची एक रहिवासी आणि बागायतदार

प्रत माहितीसाठी : तालुक्याचे तहसीलदार, वन विभागाचे परिक्षेत्र अधिकारी, आणि किनाऱ्यावरच्या सर्व ग्रामपंचायती